रद्दीतले दिवाळी अंक
आज नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीत) जुन्या पुस्तकांच्या दुकानात दिवाळी अंकांचा गठ्ठा उघडला आणि तासभर उठलोच नाही. मुखपृष्ठावर लक्ष्मी, आत वार्षिक राशिभविष्य, एखाद्या जागृत देवस्थानाची कथा आणि तिच्या पाठीला दागिन्यांची जाहिरात, असाच धर्म अंकामागून अंकात भेटत गेला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी ज्या शहरात बौद्ध धम्म स्वीकारला, तेथील या गठ्ठ्यात दीक्षाभूमी एकाच छायाचित्रात दिसली, तीही गर्दीपुरती. डॉ. आंबेडकरांनी तेव्हा दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी एकीचाही उल्लेख नाही. संपादकांना श्रद्धेचे रंग हवे असतात, विचार मात्र (बहुधा जाहिरातदारांच्या धाकाने) अडचणीचा वाटतो, असे माझे मत झाले. तरी तीन अंक विकत घेतलेच. एकात राशिभविष्यासमोर कोणीतरी पेन्सिलीने ‘साफ खोटे’ असे लिहून ठेवले आहे.