तुम्ही विचारलंत म्हणून: केरळातला कायदा आपल्या बंदरात यायला इतका वेळ का लागतो?

मालवण असो, देवगड असो की वेंगुर्ले, मच्छीमारांच्या बैठकीत बोलून झालं की हा प्रश्न येतोच: "सर, केरळात चांगला कायदा होतो, मग आपल्याकडे यायला इतकी वर्षं का? समुद्र तर एकच ना?" उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देऊन निघालो की मनाचं समाधान होत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितो.

कायदा चांगला आहे एवढ्यावर तो शेजारच्या राज्यात पोचत नाही. त्याला कोणीतरी न्यावं लागतं, आणि पलीकडे तो मागणारं कोणीतरी असावं लागतं.

मासेमारी हा राज्यसूचीतला विषय आहे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचे नियम राज्य करतं, त्यापलीकडचे केंद्र. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला घासून जाळी ओढू लागले आणि रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याला, मासळी मिळेनाशी झाली. तेव्हा गोव्यातले रापणकार आपले नेते माथानी साल्ढाणा यांच्याबरोबर रस्त्यावर उतरले. केरळातही तोच संताप होता. 1978 मध्ये या लोकांचा देशपातळीवरचा मंच उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी केंद्राने सागरी मासेमारीच्या नियमनाचं नमुना विधेयक तयार करून राज्यांकडे पाठवलं. मसुदा सगळ्यांना एकच. पण कायदा झाला कधी? केरळात आणि तेव्हाच्या केंद्रशासित गोव्यात 1980, महाराष्ट्रात 1981, तामिळनाडूत 1983, कर्नाटकात 1986 आणि गुजरातेत थेट 2003. माझं मत असं की जिथे छोटा मच्छीमार संघटित होता तिथे मसुदा टेबलावर पडून राहिला नाही.

अमेरिकेत जॅक वॉकर या राज्यशास्त्रज्ञाने 1969 मध्ये असे 88 कायदे आणि योजना राज्याराज्यांत कशा पसरल्या ते तपासलं होतं. मोठी, पैसेवाली राज्यं आधी पाऊल उचलतात आणि बाकीची आपापल्या भागातल्या पुढारी राज्याकडे बघून चालतात, असं त्याला दिसलं. आपल्याकडेही "दुसऱ्या कुठल्या राज्यात हे आहे का?" हा सवाल झाल्याशिवाय कोणाला धीर येत नाही.

पण समुद्राची गोष्ट आणखी अवघड आहे. तामिळनाडूने शाळेत मुलांना जेवण दिलं म्हणून शेजारच्या राज्यातल्या पोरांच्या ताटातलं काही कमी झालं नाही. मासळीचं तसं नाही. पापलेटच घ्या. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. त्यात चंदेरी पापलेटाला 135 मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटीमीटर. लिलावाला टोपली ओतली की यापेक्षा बारकी पापलेटं बोटाने बाजूला काढता येतात. एकदाही अंडी न घातलेला जीव असतो तो. केरळाने असा नियम 2015 मध्येच आणला होता. मधली आठ वर्षं का गेली, याचं एक उत्तर मला तांडेलांकडूनच, म्हणजे बोट चालवणाऱ्यांकडूनच मिळालं: "आम्ही बारकं सोडायचं आणि ते पुढे कर्नाटकातल्या मलपीच्या ट्रॉलरने न्यायचं?" हा प्रश्न रास्त आहे. संयम एका राज्याने पाळायचा आणि फायदा दुसऱ्याने घ्यायचा, अशी शंका असेल तिथे कायदा सीमेवर अडतोच. असे नियम एकट्याने पाळून निभत नाहीत, ते शेजाऱ्यांनी मिळून एका वेळी लावावे लागतात.

आणि केरळ प्रत्येक बाबतीत आपल्या पुढे आहे असंही नाही. पावसाळी ट्रॉलिंगबंदी त्यांनी 1988 मध्ये आणली खरी, पण तिथे राज्याच्या हद्दीत ती 52 दिवसांची आहे. आपल्याकडे पूर्वी बंदी 10 जूनला सुरू होऊन नारळी पौर्णिमेला किंवा 15 ऑगस्टला संपायची. आता 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. आपणही देशाला दिलंय. विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्ये केला, देशाने 2005 मध्ये.

मला खरी काळजी आहे ती पुढच्या टप्प्याची. दुसऱ्या राज्याचा कायदा उतरवून घेता येतो, त्याच्यासोबत गस्ती नौका येत नाही, रात्री ती घेऊन जाणारी माणसं येत नाहीत. 2021 च्या दुरुस्तीने आपल्याकडे दंड लाखांत गेला, पण समुद्रात जाऊन बोट पकडेपर्यंत तो दंड कागदावरच.

म्हणून पुढच्या बैठकीत केरळाबरोबर गोवा आणि कर्नाटकचंही नाव घ्या. पापलेट, बांगडा, सुरमई यांचा किमान आकार तिन्ही राज्यांत एकच असावा आणि तो एकाच तारखेपासून लागू व्हावा, ही मागणी तिन्हीकडच्या संघटनांनी एकाच निवेदनात, एकाच आठवड्यात आपापल्या मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना द्यावी. मसुदा लिहायला मी बसतो, तुम्ही कारवार आणि पणजीकडच्या तुमच्या ओळखीच्या लोकांना फोन लावा.