समीकरणांची वही: घोडे, भुंगे आणि दोन मित्र

उन्हाळ्याच्या सुट्टीत हाती घेतलेलं काम आता बरंच मार्गी लागलंय, म्हणून ही नोंद. शाब्दिक उदाहरणं जमवण्याचा आणि स्वतः रचण्याचा नाद असलेल्यांना यातलं काही ना काही उपयोगी पडेल. काम असं: भास्कराचार्यांच्या 'लीलावती' आणि 'बीजगणित' यांमधली जी उदाहरणं एकचल समीकरणानं सुटतात ती वेचायची, आजच्या मराठीत मांडायची आणि रविवारी सकाळी आमच्या घरी जमणाऱ्या सहावी ते आठवीच्या मुलांपुढं ठेवायची. कुठलं उदाहरण पटकन पकड घेतं, मुलं नेमक्या कुठल्या शब्दाशी थबकतात, ते त्याच दिवशी वहीत टिपून ठेवते.

हे दोन्ही ग्रंथ 'सिद्धांतशिरोमणी'चे भाग, शके १०७२ म्हणजे इ.स. ११५० मधले. भास्कराचार्य तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. पुढं त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, असं चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख सांगतो. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. म्हणजे हीच उदाहरणं आठशे वर्षांपूर्वी आपल्या खानदेशात विद्यार्थ्यांना घातली जात असणार. ती पुन्हा मराठी मुलांच्या वहीत उतरताना बघून मला मनापासून आनंद होतो.

यंदा सगळ्यात जास्त वेळ घोड्यांना दिला. 'बीजगणिता'तलं उदाहरण असं: एकाजवळ ३०० रुपये रोख आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तसेच १० घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपयांचं कर्ज आहे. दोघांची मालमत्ता सारखीच. तर एका घोड्याची किंमत किती? (मुळात 'रूप' आहे, मी रुपये केले.)

बहुतेकांनी पहिली ओळ लिहिली, 'समजा, घोडा = क्ष'. मग ६क्ष + ३००. सातवीतल्या एका मुलीनं तिथंच पेन थांबवलं आणि विचारलं, "काकू, घोडे आणि रुपये यांची बेरीज कशी करायची?" त्या दिवसाचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच. सहा घोडे आणि तीनशे रुपये मिळून तीनशे सहा काय? काहीच नाही. बेरीज करायची तर सगळं रुपयांत आणायला हवं. मग तिनंच ओळ बदलली: 'समजा, एका घोड्याची किंमत = क्ष रुपये'. आता ६क्ष म्हणजे सहा घोड्यांचे रुपये, ३०० म्हणजे रोख रुपये, बेरजेला हरकत नाही. तेव्हापासून आमच्याकडं 'समजा'ची ओळ एककासकट आणि 'किती'सकट पूर्ण झाल्याशिवाय कोणी पुढं जात नाही. शाळेत या ओळीकडं औपचारिकता म्हणून बघतात. माझ्या मते उदाहरणाचं अर्धं काम तिथंच होतं.

समीकरण मग सरळच आलं:

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

इथं फळ्यावर मी भास्कराचार्यांची मांडणीही काढली. त्यांच्याकडं बरोबरचं चिन्ह नाही. ते फार नंतर, १५५७ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट रेकॉर्डच्या पुस्तकात आलं. भास्कराचार्य दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडतात. अज्ञात राशीसाठी 'या', ज्ञात संख्येसाठी 'रू', आणि संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर टिंब:

या ६ रू ३००
या १० रू १०० (या १०० वर टिंब)

'या'खाली 'या', 'रू'खाली 'रू'. आता खालच्या 'या'तून वरचे 'या' वजा केले की ४ उरतात, आणि वरच्या 'रू'तून खालचा 'रू' वजा केला की ३०० वजा ऋण १००, म्हणजे ४००. चार घोड्यांचे चारशे, एकाचे शंभर. 'पलीकडं नेलं की चिन्ह बदलतं' हे घोकलेल्या मुलांना ही मांडणी फार उपयोगी पडते, कारण इथं काहीच पलीकडं जात नाही. दोन्ही ओळींतून सारखंच काढून घेतलं, एवढंच. चिन्ह का बदलतं ते डोळ्यांना दिसतं. तराजूचं नेहमीचं चित्र मी यंदा बाजूला ठेवलंय. शंभराचं कर्ज पारड्यात ठेवता येत नाही, आणि ऋण संख्या आली की ते चित्र मुलांना मदत करायचं सोडून अडवतं.

ताळ्याबद्दल माझं मत या काळात फार पक्कं झालं. एका मुलानं कर्ज न पाहता १०क्ष + १०० लिहिलं. उत्तर आलं ५०. त्यानं ताळाही केला: डावी बाजू ३०० + ३०० = ६००, उजवी बाजू ५०० + १०० = ६००. जमला! समीकरण चुकीचं असलं तरी त्याचं उत्तर त्याच समीकरणात घातलं तर जमणारच. म्हणून ताळा करायचा तो मूळ गोष्टीत. पन्नासचा घोडा धरला तर पहिल्याजवळ ६०० आणि दुसऱ्याजवळ ५०० वजा कर्ज १००, म्हणजे ४००. नाही जमत. शंभरचा धरला तर दोघांचे ९००. समीकरण झाकून ठेवून ताळा करायची सवय आता सगळ्यांना लागली आहे.

घोड्यांवर आणखी एक प्रयोग केला, तो सहावीच्या मुलांसाठी. क्ष नाहीच, फक्त अंदाज. घोडा १० रुपयांचा धरला तर ३६० आणि ०, फरक ३६०. घोडा २० चा धरला तर ४२० आणि १००, फरक ३२०. दहा रुपये वाढवले की फरक ४० नं घटतो. ३६० संपायला असे नऊ टप्पे लागतील, म्हणजे १० आणि ९०, शंभर. बैजिक राशी न शिकलेल्या मुलांनी हे तोंडी केलं.

अंदाजावरून आठवलं, 'लीलावती'त इष्टकर्म (सोयीची संख्या धरून उत्तर काढायची रीत) आहे ते एकाच अंदाजात सुटतं. कमळांचं उदाहरण घ्या: कमळांचा १/३ भाग शंकराला, १/५ विष्णूला, १/६ सूर्याला, १/४ देवीला वाहिला, उरलेली ६ कमळं गुरूंच्या पायांवर ठेवली. एकूण कमळं ६० धरा, कारण ६० ला हे सगळे छेद भाग देतात. २० + १२ + १० + १५ = ५७, उरली ३. आपल्याला हवीत ६, म्हणजे दुप्पट, म्हणून १२०. इथं एकच अंदाज पुरतो, घोड्यांना दोन का लागतात, हा प्रश्न आठवीच्या मुलांपुढं टाकून बघा. कमळांत सगळं एकूण संख्येच्या पटीत वाढतं. घोड्यांत रोख आणि कर्ज घोड्याच्या किमतीबरोबर हलत नाहीत. हे मुलांनी आपल्या शब्दांत सांगितलं की पुढं आलेख शिकताना त्यांना सोपं जाईल असं मला वाटतं.

भुंग्यांचं उदाहरण बऱ्याच जणांना माहीत असेल. थव्यातला १/५ भाग कदंबावर गेला, १/३ शिलींध्राच्या फुलांवर, या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासांमध्ये घोटाळत राहिला. तर एकूण भुंगे किती? मांडणी अशी:

क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष

उत्तर १५. पण अडचणीची जागा 'फरकाची तिप्पट' ही आहे. दोघा-तिघांनी ३(१/३ − १/५) म्हणजे २/५ लिहिलं आणि क्ष गाळला. गंमत अशी की या चुकीच्या समीकरणातूनही उत्तर अगदी सुबक येतं, ३. पूर्णांक आला म्हणून सगळे खूश. मग गोष्टीत ताळा सुरू झाला. तीन भुंग्यांचा पाचवा भाग कदंबावर कसा जाईल? आणि कुड्यावर दोन पंचमांश भुंगा? फरक कशाचा, भागांचा की भुंग्यांचा, हे तेव्हा आपोआप स्पष्ट झालं. उत्तर सुबक दिसतं म्हणून ते बरोबर असं नाही, हे दाखवायला इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं मिळालेलं नाही.

यानंतर मुलांना स्वतः उदाहरणं रचायला लावली. एकानं आंब्यांच्या पेटीचं रचलं: १/२ आत्याला, १/३ मामाला, १/६ शेजाऱ्यांना, उरले ५. समीकरण सोडवता सोडवता क्ष दोन्हीकडून नाहीसा झाला आणि उरलं ० = ५. वर्गात गलका झाला. तिन्ही अपूर्णांकांची बेरीज पूर्ण १ होते, म्हणजे पेटी वाटून रिकामी, मग पाच आंबे उरणार कुठून? उकल नसलेलं समीकरण मुलांनी स्वतःच्या हातानं तयार केलं, त्यामुळं ते त्यांच्या चांगलं लक्षात राहिलं. १/६ च्या जागी १/७ केलं की बेरीज ४१/४२ होते आणि एक आंबा उरला तर पेटी ४२ ची.

रचणाऱ्यांसाठी माझा आडाखा सांगते. छेदांचा लसावि काढा. वाटलेल्या भागांची बेरीज त्या लसाविच्या छेदात लिहा आणि ती १ पेक्षा कमी आहे ना ते पाहा. उरलेल्या भागाचा अंश जेवढा, त्याच्या पटीतच शिल्लक द्या. कमळांत ५७/६० गेलं, ३/६० उरलं, म्हणून शिल्लक ३ च्या पटीत हवी. भास्कराचार्यांनी ६ दिली आहे. तुम्ही ४ दिलीत तर समीकरण ८० सांगेल, पण ८० कमळांचा तिसरा भाग करायला एक कमळ फाडावं लागेल.

आता सध्या जिथं आहे ते उदाहरण. पहिला मित्र म्हणतो, "तू मला १०० दिलेस तर माझ्याजवळ तुझ्या दुप्पट धन होईल." दुसरा म्हणतो, "तू मला १० दिलेस तर माझ्याजवळ तुझ्या सहापट होईल." शाळेच्या हिशेबानं हे नववीचं, दोन चलांचं. भास्कराचार्य एकाच अज्ञातावर भागवतात, आणि ते ज्या तऱ्हेनं भागवतात ते मला या सगळ्या संग्रहातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. ते पहिल्याचं धन क्ष मानत नाहीत, दुसऱ्याचंही नाही. शंभर दिल्यानंतर दुसऱ्याजवळ जे उरेल ते क्ष मानायचं. मग त्या क्षणी पहिल्याजवळ २क्ष. म्हणजे आधी पहिल्याजवळ २क्ष − १००, दुसऱ्याजवळ क्ष + १००. पहिली अट इथंच पुरी झाली, समीकरण मांडायच्याही आधी. आता दुसरी अट: दहा दिल्यावर पहिल्याजवळ २क्ष − ११०, दुसऱ्याजवळ क्ष + ११०.

क्ष + ११० = ६(२क्ष − ११०)
क्ष + ११० = १२क्ष − ६६०
७७० = ११क्ष, क्ष = ७०

पहिल्याजवळ ४०, दुसऱ्याजवळ १७०. ताळा: १४० आणि ७०, दुप्पट. १८० आणि ३०, सहापट.

हे मुलांपुढं एकदाच ठेवलंय. आठवीच्या दोघांना पटलं. बाकीच्यांची हरकत अशी की विचारलंय एक आणि आपण क्ष मानतोय भलतंच, हे चालतं का? चालतं, फक्त शेवटी विचारलेल्या गोष्टीपर्यंत परत यायचं विसरायचं नाही. पण हे सांगून पटत नाही, म्हणून आता याच घाटाची सोपी उदाहरणं रचतेय. एक तयार आहे: 'दोघी बहिणींच्या मण्यांची बेरीज ६०. मोठीनं धाकटीला ८ मणी दिले की दोघींचे सारखे होतात.' इथं सारखे झाल्यावरचे मणी क्ष मानले की २क्ष = ६०, क्ष = ३०, मोठीचे ३८ आणि धाकटीचे २२. मोठीचे मणी क्ष मानून केलं तर क्ष − ८ = (६० − क्ष) + ८ मांडावं लागतं, आणि तिथं ८ चं चिन्ह हमखास चुकतं. दोन्ही रीती शेजारी शेजारी लिहायला लावायच्या, असा बेत आहे. 'पूर्वी किती' विचारणारी आणि 'नंतर'चं क्ष मानून सुटणारी आणखी उदाहरणं कुणाकडं असतील तर जरूर कळवा, विशेषतः वयांची सोडून. वयांची माझ्याकडं भरपूर झाली आहेत.

त्यानंतरचा नंबर 'लीलावती'तल्या यात्रेकरूचा. त्यानं अर्धं धन प्रयागला दिलं, उरलेल्याचे २/९ काशीला, उरलेल्याचा १/४ वाटेतल्या जकातीत गेला, उरलेल्याचे ६/१० गयेला, आणि घरी परतताना ६३ निष्क हातात होते. यात 'उरलेल्याचे' हा शब्द तीनदा येतो आणि कमळांच्या सवयीनं मुलं प्रत्येक भाग मूळ धनाचाच घेणार, असा माझा अंदाज आहे. म्हणून आधी शेवटाकडून उलटं मोजायला लावणार आहे: ६३ म्हणजे ४/१०, मग त्याआधी किती, त्याच्याही आधी किती, असं करत ५४० पर्यंत. समीकरण त्यानंतर.