ठिगळ क्रमांक सात: नथ उजवीकडे गेली

शेवटी आजीचा चेहरा कापडावर उतरला. तीन आठवडे, चार प्रिंट आणि तिच्या लुगड्याचे चार तुकडे खर्ची पडले.

गोधडीची पहिली सहा ठिगळं नेहमीसारखीच झाली. आधी रेखाटन नाही, हाताला लागेल तो तुकडा, सुचेल तसा धावदोरा. सातव्यावर मात्र तिचा फोटो हवा असं हातानेच ठरवलं आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

जेल मीडियम (छापील चित्र कापडावर उतरवणारी चिकट पेस्ट) लावून लेझर प्रिंट लुगड्याच्या तुकड्यावर पालथी चिकटवली, दोन दिवस वाळवली (पावसाळ्यात चोवीस तास पुरत नाहीत). ओल्या बोटाने कागद चोळायला घेतला, तर लगद्याच्या शेवयांबरोबर टोनरही, म्हणजे छपाईची भुकटीही, निघून आला. कपाळ आणि हनुवटी राहिली, मधलं सगळं गेलं. जेलला शिव्या घातल्या, महागातलं आणलं. पुन्हा तेच! मग वैतागून लुगड्याच्या कोपऱ्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला. काळानिळा झाला, म्हणजे कापडात स्टार्च. खळ! आजीने खळ घालून घडी केलेलं लुगडं, जेल धाग्यापर्यंत पोचणार कसं? तुकडे उकळून काढले तेव्हा पाण्याला चक्क पेजेचा वास येत होता.

तिसरी प्रिंट दुकानदाराने ‘लेझरच आहे’ म्हणून दिली. पाणी लागताच जांभळा ओघळ. इंकजेट! आता ओलं बोट फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. आणि जेलऐवजी पांढऱ्या डिंकाने भागतं म्हणणाऱ्यांनो, भागतं, पण माझ्याकडे दमट हवेत तो पुन्हा चिकट झाला.

चौथी उतरली. वाळल्यावर आलेला पांढुरका थर दोनदा चोळून काढला, आता डोरल्याच्या दोन्ही वाट्या मोजता येतात. तासभर नुसती बघत बसले होते.

तेवढ्यात आत्या आली. ‘‘अगं, आईची नथ उजवीकडे कशी? आणि पदर? ही कुठली बाई?’’

कापडावर उतरताना चित्राची डावी-उजवी बाजू फिरते, म्हणून प्रिंट आधीच उलटी काढायची असते, तेच विसरले होते. इतक्या वर्षांनी ही चूक!

उद्या पाचवी काढणार, असं लिहायलाच बसले होते. पण लिहिता लिहिता आजीची फणेरपेटी आठवली. झाकणातल्या आरशात बघून ती आधी मेण, मग कुंकू लावायची. सुलट चेहरा आम्ही पाहिला, तिने स्वतःला रोज पाहिलं ते असंच, नथ उलट्या बाजूला.

मग हा तुकडा गोधडीत नकोच. पेटी माळ्यावरून काढली. आरशाचा पारा उडालाय, त्याच जागी हा बसवते. सातव्या ठिगळाला आयोडीनचा डागवाला कोपरा लावेन, डाग फिका पडला तर पडू दे.

अडचण एकच: झाकण पाच इंच, चेहरा सात. कपाळ दुमडावं की डोरलं? कात्री अजून उचललेली नाही.