हेडर कंपाइल होते, मग बाइंडिंग का अडते?

सी भाषेतल्या एका जुन्या लायब्ररीसाठी पायथनची बाइंडिंग, म्हणजे ती पायथनमधून वापरता यावी म्हणून लागणारा जोडणीचा कोड, तयार करण्याचे काम काही दिवसांपूर्वी मी हाती घेतले. लायब्ररीतली फंक्शन्स आणि प्रकार जाहीर करणारी हेडर फाइल एकच होती आणि तीही जेमतेम चारशे ओळींची. त्यामुळे ती लिबक्लँगकडून (क्लँग या कंपायलरचा पार्सर, म्हणजे कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, लायब्ररीच्या रूपात) वाचून घ्यायची आणि सापडलेल्या प्रत्येक स्ट्रक्चरसाठी सीटाइप्सचा (सीची लायब्ररी वापरू देणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलचा) एक क्लास लिहून काढायचा, एवढी छोटी स्क्रिप्ट पुरेल असा माझा हिशेब होता. स्क्रिप्ट पहिल्याच फेरीत कसलीही तक्रार न करता चालली, आणि घोटाळा नेमका तिथेच झाला.

लायब्ररीतले पहिले फंक्शन नीट चालले, दुसऱ्याने निरर्थक आकडे परत दिले आणि तिसरे कॉल करताच प्रोसेस कोसळली. तासभर मी लायब्ररीवरच संशय घेत बसलो. शेवटी एका स्ट्रक्चरचा आकार दोन्ही बाजूंनी छापून पाहिला. त्यात तीनच सदस्य होते: आधी एक इंट, मग एक साइझ_टी आणि शेवटी पुन्हा एक इंट. ६४-बिट लिनक्सवर पहिल्या इंटचे ४ बाइट, त्यामागे ४ बाइटचे पॅडिंग (जागा जुळवण्यासाठी सोडलेले रिकामे बाइट), साइझ_टीचे ८, दुसऱ्या इंटचे ४ आणि अखेरीस पुन्हा ४ बाइटचे पॅडिंग असे मिळून २४ बाइट व्हायला हवेत, आणि सीच्या बाजूने तेवढेच आले. पायथनच्या बाजूने उत्तर आले १२. म्हणजे मधल्या साइझ_टीचा कुणीतरी इंट करून टाकला होता.

तो क्लँगने केला होता. प्रकाराचे अनोळखी नाव दिसले की क्लँग चूक नोंदवतो आणि पुढचे वाचन अडू नये म्हणून त्या जागी इंट धरून चालतो. कंपायलर या नात्याने हे वागणे योग्यच आहे, कारण चूक नोंदली गेल्यावर ऑब्जेक्ट फाइल तयारच होत नाही. पण तोच पार्सर लायब्ररी म्हणून वापरला की पार्सिंगचा कॉल यशस्वी ठरतो, सिंटॅक्स ट्री (कोडच्या रचनेचा आराखडा) हातात मिळतो, आणि चुका मात्र डायग्नोस्टिक्स नावाच्या वेगळ्या यादीत पडून राहतात. ती यादी आपणहून पाहावी लागते आणि मी ती पाहिली नव्हती. पाहिली तेव्हा पहिलीच नोंद होती: ‘स्टडडेफ.एच’ ही साइझ_टीची व्याख्या असलेली फाइल सापडत नाही, तीव्रता ४, म्हणजे फेटल.

जी फाइल जीसीसी या नेहमीच्या कंपायलरला रोज सापडते ती इथे का सापडू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो. याचे कारण असे की स्टडडेफ, स्टडआर्ग आणि स्टडबूल ही हेडर्स सहसा सी लायब्ररीबरोबर येत नाहीत, तर कंपायलरबरोबर येतात. जीसीसी स्वतःची प्रत स्वतःच्या डिरेक्टरीत ठेवतो आणि क्लँग त्याच्या रिसोर्स डिरेक्टरीत. मी लिबक्लँग ज्या पॅकेजमधून घेतले होते त्यात फक्त शेअर्ड लायब्ररी होती, त्या हेडर्सचा मागमूस नव्हता. उपाय सोपा निघाला: त्याच आवृत्तीचा पूर्ण क्लँग बसवला, त्यालाच ‘-प्रिंट-रिसोर्स-डिर’ देऊन डिरेक्टरीचा पाथ विचारला आणि तो पाथ ‘-रिसोर्स-डिर’ या पर्यायाने स्क्रिप्टमधल्या पार्सरला दिला. इथे अनेकजण जीसीसीच्या अंतर्गत डिरेक्टरीचा पाथ क्लँगला देऊन वेळ मारून नेतात. स्टडडेफपुरते ते चालून जाते, पण पुढे कधी प्रोसेसरच्या इंट्रिन्सिक्सचे (त्याच्या खास सूचना थेट वापरू देणाऱ्या फंक्शन्सचे) हेडर आले की जीसीसीची खास बिल्टइन्स, म्हणजे अंगभूत फंक्शन्स, क्लँगला ओळखता येत नाहीत आणि चुकांचा नवा ढीग समोर येतो.

रस्ट भाषेसाठी अशीच बाइंडिंग तयार करणारे बाइंडजेनही लिबक्लँगवरच उभे असल्यामुळे तिथेही हाच त्रास होतो, फक्त ते पार्सिंगची चूक दिसताच काम थांबवते, आणि माझ्या मते हे सौजन्य फार मोलाचे आहे. त्याला असे जादा पर्याय ‘बाइंडजेन_एक्स्ट्रा_क्लँग_आर्ग्ज’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून देता येतात. कमांड लाइनवर द्यायचे असतील तर ते दोन डॅशनंतर लिहावे लागतात, नाहीतर बाइंडजेन ते स्वतःचेच पर्याय समजते.

या अनुभवानंतर मी हेडरमध्ये चूक शोधणे सोडून दिले आहे. जे हेडर कंपाइल होते ते पार्सरला वाचता येत नसेल, तर दोघांच्या पुढ्यात एकच मजकूर आलेला नाही, असे मी धरून चालतो आणि तो फरक कुठे पडला ते शोधतो. त्यासाठी प्रीप्रोसेसरपुरतेच, म्हणजे इन्क्लूड केलेल्या फाइली आणि मॅक्रो (ज्या नावांच्या जागी दुसरा मजकूर येतो ती) उलगडण्याच्या पहिल्या टप्प्यावरच, थांबवणारा ‘-ई’ हा पर्याय हाताशी असतो. प्रकल्पाच्या बिल्डमध्ये कंपायलरला जी कमांड जाते ती जशीच्या तशी उचलावी, तिच्यात ‘-ई’ घालून एक आउटपुट घ्यावे, पार्सरला दिलेल्या पर्यायांनिशी दुसरे घ्यावे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. आउटपुटमध्ये हॅशने सुरू होणाऱ्या ज्या ओळी येतात त्या कोणता मजकूर कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीतून आला ते सांगतात. त्यांच्यावरून एखाद्या हेडरची भलतीच प्रत उचलली गेली असेल तर ते लगेच कळते. चुकांच्या यादीतली पहिली चूकच तेवढी खरी मानावी. एक प्रकार ओळखता आला नाही की त्यावर अवलंबून असलेली पुढची प्रत्येक ओळ रडू लागते, आणि शेवटची चूक वाचून दुरुस्ती करू पाहणाऱ्याचा सगळा दिवस त्यातच जातो.

फरक मॅक्रोंमुळेही पडतो. सुसंगततेसाठी क्लँग स्वतःची ओळख जीसीसी ४.२.१ अशी सांगतो. त्यामुळे जीसीसीची आवृत्ती तपासून शाखा निवडणारे हेडर क्लँगपुढे जुन्या कंपायलरसाठी ठेवलेल्या, कित्येक वर्षे कुणी हात न लावलेल्या शाखेत शिरते. बिल्ड सिस्टिम ‘-डी’ने जी मॅक्रो देते ती पार्सरला दिली नसतील तर तोच प्रकार घडतो. सी++चे हेडर ‘.एच’ या नावाने असेल तर क्लँग त्याला सी समजतो आणि ‘नेमस्पेस’ हा अनोळखी प्रकार असल्याची तक्रार करतो. ‘-एक्स सी++’ दिले की ती मिटते. साइझ_टी किंवा यूइंट३२_टी अनोळखी ठरत असेल आणि सगळी हेडर्स जागेवर असतील, तर मूळ हेडर आपल्याला लागणारी हेडर्स स्वतः इन्क्लूड करत नसून दुसऱ्या कुणीतरी ती आधी केली असतील या भरवशावर लिहिलेले असते. अशा वेळी योग्य क्रमाने इन्क्लूड करणारे पाच ओळींचे वेगळे हेडर लिहून पार्सरला ते द्यावे. मूळ फाइलला हात लावू नये.

क्लँगवर न बसलेल्या साधनांच्या खोड्या वेगळ्या आहेत. स्विग हे बाइंडिंग तयार करणारे साधन इन्क्लूडच्या ओळी आपणहून उघडत नाही. त्यामुळे फंक्शनच्या आधी लावलेले एक्सपोर्टचे मॅक्रो दुसऱ्या फाइलमध्ये असेल तर ते विस्तारले जात नाही आणि निव्वळ ‘सिंटॅक्स एरर’ एवढेच उत्तर मिळते. इंटरफेस फाइलमध्ये ते मॅक्रो रिकामे डिफाइन केले की काम भागते. पायसीपार्सर हा पायथनमध्ये लिहिलेला सीचा पार्सर आपणहून प्रीप्रोसेसर चालवत नाही, आणि जीसीसीकडून आधी प्रीप्रोसेस करून दिलेला मजकूर त्याला दिला तर त्यातल्या ‘__अ‍ॅट्रिब्यूट__’ आणि ‘__एक्स्टेन्शन__’ या शब्दांवर तो अडखळतो, कारण ते प्रमाण सीचे भाग नाहीत. म्हणूनच त्याच्या प्रकल्पात सिस्टिम हेडर्सच्या नकली, जवळपास रिकाम्या प्रती दिलेल्या असतात; प्रीप्रोसेस करताना खऱ्यांच्या जागी त्या वापरायच्या आणि जी अ‍ॅट्रिब्यूट्स उरतात ती ‘-डी’ने रिकामी करून टाकायची.

माझ्या स्क्रिप्टमध्ये आता ट्रीला हात लावण्याआधी डायग्नोस्टिक्सची यादी तपासली जाते आणि तीव्रता ३ किंवा त्याहून अधिक असलेली एकही नोंद आढळली तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. शिवाय प्रत्येक स्ट्रक्चरचा आकार आणि प्रत्येक सदस्याचा ऑफसेट (सुरुवातीपासूनचे अंतर) छापणारा एक सी प्रोग्राम ती स्वतःच तयार करते, मूळ बिल्डच्या कमांडने तो कंपाइल करून चालवते आणि ते आकडे सीटाइप्सच्या आकड्यांशी ताडून पाहते. ही तपासणी घातली त्याच संध्याकाळी तिने आणखी एक स्ट्रक्चर पकडले: एक कॅर आणि एक इंट, सीकडे ५ बाइट आणि पायथनकडे ८. डायग्नोस्टिक्सची यादी रिकामी होती, कारण पार्सरने सगळे बिनचूक वाचले होते. त्या स्ट्रक्चरच्या दोन ओळी आधी पॅडिंग काढून टाकणारे ‘प्रॅग्मा पॅक’ लिहिलेले होते आणि सीटाइप्सच्या क्लासमध्ये त्यासाठी ‘_पॅक_’ हे मूल्य द्यायला माझीच स्क्रिप्ट विसरली होती.