एडिटरमध्ये चाललं, एक्सपोर्टमध्ये अडलं

शेवटचा डाव व्हिडिओ म्हणून साठवता यावा, एवढीच सोय मला माझ्या गेममध्ये हवी होती. फ्रेम्स पीएनजी चित्रांत लिहायच्या आणि त्यांचा एमपी४ व्हिडिओ बनवायला एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमला हाक मारायची. मी गेम बनवते त्या गोडो इंजिनात, दुसरा प्रोग्रॅम चालवायला 'ओएस.एक्झिक्यूट' आहे: आधी प्रोग्रॅमचा पाथ, मग आर्ग्युमेंट्सचा (त्याला द्यायच्या सूचनांचा) ॲरे, म्हणजे यादी. एडिटरमध्ये पहिल्याच फटक्यात चाललं. मग एक्सपोर्ट केलं, म्हणजे खेळाडूंना द्यायचा स्वतंत्र गेम बनवला, आणि पुढचे तीन आठवडे त्यातच गेले.

सुरुवातीला मी इंजिनाच्या सेटिंग्जमध्ये 'परवानगीची पातळी' शोधत बसले. कुठेतरी एक स्विच असेल, तो वर सरकवला की झालं, अशी माझी समजूत. असा स्विच नसतोच. जीडीस्क्रिप्टला, म्हणजे गोडोच्या भाषेला, स्वतःचा सँडबॉक्स (कोडला मर्यादेत ठेवणारं कुंपण) नाही. गेम ज्याच्या खात्यातून चालतो त्याचे जे अधिकार, तेच स्क्रिप्टचे आणि तिने सुरू केलेल्या प्रोसेसचेही. एडिटरमध्ये ते खातं माझं होतं आणि एफएफएमपेग आधीपासून इन्स्टॉल केलेलं होतं. माझ्या कोडची त्यात काही कर्तबगारी नव्हती.

लिनक्सवर एफएफएमपेगची बायनरी, म्हणजे चालवायची फाइल, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ठेवली होती. एक्सपोर्टमध्ये सामील केली की ती पीसीके फाइलच्या (गेमच्या सगळ्या फाइल्सच्या गाठोड्याच्या) पोटात जाते, आणि तिथला पाथ ऑपरेटिंग सिस्टिमच्या गावीही नसतो. म्हणून गेम पहिल्यांदा सुरू होताना ती युजर फोल्डरमध्ये, म्हणजे गेमला लिहिता येतं अशा खेळाडूच्या खात्यातल्या फोल्डरमध्ये, उतरवून घेतली. तरी ढिम्म. टर्मिनलमध्ये हाताने चालवली तेव्हा 'परमिशन डिनाइड' आणि एक्झिट कोड १२६ दिसला. १२७ असता तर प्रोग्रॅम सापडतच नाहीये. १२६ म्हणजे सापडलाय, पण चालवायची मुभा नाही. गेमने नव्याने लिहिलेल्या फाइलला एक्झिक्यूट बिट, म्हणजे 'ही चालवता येते' अशी खूण, मिळत नाही. फाइलचा परवानगीचा मोड ७५५ करून ती खूण लावली, काम झालं. एका ओळीसाठी दोन रात्री!

विंडोजवर मात्र मी स्वतःच खड्डा खणला होता. व्हिडिओ गेमच्या शेजारीच लिहीत होते, आणि गेम बसला होता प्रोग्रॅम फाइल्समध्ये, जिथे साध्या खात्याला लिहिता येत नाही. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर कर की,' असं एका मित्राने सुचवलं. केलं, आणि लगेच चाललं. तसंच रिलीज करणार होते, पण कोडवरून शेवटचा हात फिरवताना थबकले. एफएफएमपेग मी थेट चालवत नव्हते; विंडोजच्या सीएमडीला (आज्ञा वाचून चालवणाऱ्या शेलला) एक लांबलचक स्ट्रिंग देत होते आणि व्हिडिओचं नाव तिच्यात तसंच चिकटवत होते. नावात अँपरसँड (&) टाकून पुढे नोटपॅड लिहून पाहिलं; सीएमडी त्या चिन्हापुढचं नवी आज्ञा समजतं. नोटपॅड उघडलं! खेळाडू स्वतःचंच मशीन कशाला बिघडवेल, हा युक्तिवादही टिकत नव्हता, कारण रीप्लेच्या (साठवलेल्या डावांच्या) फाइल्स एकमेकांना पाठवता येत होत्या आणि नाव त्या फाइलमधूनच वाचलं जायचं. कुणीतरी पाठवलेलं नाव, माझ्या गेममधून, ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारात. पोटात गोळा आला.

सीएमडी काढून टाकलं. एफएफएमपेगला थेट हाक, प्रत्येक आर्ग्युमेंट ॲरेमध्ये वेगळं. मध्ये शेलच नाही, त्यामुळे अँपरसँड हे नुसतं एक अक्षर उरतं. फाइलचं नाव आता गेम स्वतः आकड्यांतून बनवतो. (नाव डॅशने सुरू झालं तर एफएफएमपेग त्याला ऑप्शन समजतं, तीही कटकट मिटली.) व्हिडिओ जातो युजर फोल्डरमध्ये, म्हणून वरच्या अधिकारांची गरजच संपली.

मॅकओएसवर ॲप सँडबॉक्समध्ये असेल तर बाहेरचा कुठलाही प्रोग्रॅम चालवता येत नाही. फक्त एक्सपोर्ट करताना नोंदवलेले, ॲपच्या आतले मदतनीस प्रोग्रॅम, म्हणजे हेल्पर, चालतात. मी आधी एफएफएमपेग हाताने साइन केलं, आणि 'असू दे' म्हणून त्याला नेटवर्क, फाइल्स अशा चार एंटायटलमेंट (सहीसोबत जोडलेल्या परवानग्या) जास्तीच्या दिल्या. ते सुरू होताक्षणी कोसळायचं. हेल्परला सँडबॉक्सच्या दोनच एंटायटलमेंट चालतात: एक सँडबॉक्सची आणि दुसरी पालक प्रोसेसचे अधिकार वारशाने घेण्याची. तिसरी दिलीत की सिस्टिम त्याला थेट बंद पाडते. जास्त परवानग्या दिल्या म्हणून कमी चालतं, हे पचायला वेळ लागला.

अँड्रॉइडचा नाद सोडला. अँड्रॉइड १० पासूनच्या नियमांनुसार ॲपला स्वतःच्या लिहिण्याच्या फोल्डरमधली फाइल चालवता येत नाही. बायनरी नेटिव्ह लायब्ररींसोबत पॅक करून वाट निघते म्हणे, पण एका बटणासाठी तेवढा उपद्व्याप नको वाटला. वेबवर तर प्रोसेस सुरू करायची सोयच नाही.

शेवटी 'एक्झिक्यूट'ही बदललं, कारण एफएफएमपेगचं काम संपेपर्यंत गेम गोठून बसायचा. आता न थांबता प्रोग्रॅम सुरू करणारं 'क्रिएट प्रोसेस' वापरून त्या प्रोसेसचा आयडी जपून ठेवते आणि काम संपलं का ते बघायला अधूनमधून डोकावते. आता गेम सुरू झाला की एफएफएमपेगला आधी फक्त त्याची आवृत्ती विचारतो. एक्झिट कोड शून्य आला तर 'व्हिडिओ साठवा' बटण दिसतं, नाहीतर मेनूत त्याची जागाच नसते.