दादरचं तिकीट

"राग मानू नका, पण एवढं अडखळता, तरी माइक हातात घ्यायची हिंमत कुठून आणता?" सोसायटीच्या गणपतीत निवेदन करून खाली उतरलो की दरवर्षी कुणीतरी विचारतंच. बहुतेकदा ज्यांचं मूल तोतरं बोलतं, ते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

हिंमतीचं माहीत नाही. लपवालपवीचा कंटाळा आला, एवढं खरं.

माझं वैर 'द'शी. ठाणे स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी रांग सरकू लागली की घशात गोळा यायचा. म्हणून दादरला जायचं तर परळचं तिकीट मागायचो. 'प' तेव्हा माझ्याशी बरा वागत होता, पुढे तोही फिरला. हॉटेलात शेजारचा काय मागवतो ते ऐकून "मलाही तेच" म्हणायचो. मिसळ हवी असताना कितीदा उपमा खाल्लाय! ही शब्द बदलायची विद्या इतकी कमावली होती की ऑफिसात काहींना वर्षानुवर्षं पत्ताच नव्हता. फक्त स्वतःच्या नावाला दुसरा शब्द नसतो, आमच्यातले बरेच जण नेमके तिथेच अडतात. आरतीत मात्र आवाज खणखणीत. सगळ्यांबरोबर म्हणताना जीभ सहसा अडत नाही. आई त्याला बाप्पाची कृपा म्हणायची.

मग नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग झाली. मला पार्किंगचं विचारायचं होतं. "पा... पा..." वर अडकलो आणि पुढच्या रांगेतले काका मदतीला धावले, "पाणी! पाण्याचं विचारतायत ते." मी मान डोलावली. पुढची वीस मिनिटं सभा पाण्यावर चालली आणि इतिवृत्तात माझ्या नावावर पाण्याची तक्रार लागली.

त्या रात्री झोप आली नाही. काकांचा राग नव्हता, डोलावलेल्या मानेचा होता.

वेखंड लहानपणीच चाटून झालं होतं. या वेळी स्पीच थेरपिस्टकडे गेलो. बाई म्हणाल्या, मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण अडखळतो, तुम्ही काही जगावेगळे नाही. गृहपाठ मात्र जगावेगळा दिला: खिडकीवर जायचं आणि मुद्दाम अडखळायचं.

गेलो. मागे पंधरा माणसं. "द... द... द... दादर." कान तापले. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "रिटर्न?"

एवढंच. या एका शब्दाला मी वीस वर्षं भीत आलो होतो.

अडखळणं गेलेलं नाही, जाईल असंही नाही. घरी मूल अडखळत असेल तर एक करा, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबा.

पुढच्या मीटिंगला उभा राहून आधीच सांगून टाकलं, मी अडखळतो, वेळ लागेल. 'पा'वर अडलोच. काका वळले, "पाणी?"

"न... नाही काका. थांबा जरा."

काका थांबले. सभाही थांबली. पार्किंग काही मिळालं नाही, तो भाग वेगळा.