पाचोऱ्याहून पुणे किती लांब?

नकाशावर पट्टी ठेवून जळगाव विमानतळापासून पुण्याच्या लोहगाव विमानतळापर्यंत सरळ रेघ मारली, तर अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आतच भरतं. आणि ती रेघ जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या पाचोऱ्याला जवळजवळ चाटून जाते! तरीही पुण्याचं विमान पकडायचं तर आम्हाला आधी पन्नासेक किलोमीटर उलट दिशेला, जळगावच्या पुढे कुसुंब्याच्या विमानतळाकडे जावं लागतं.

आईच्या गुडघ्यांसाठी पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा मी हे सगळं वहीत मांडून बसले. दादा चिंचवडला राहतो. तो म्हणाला, "विमानाने आण, तासाभराचं काम आहे." हवेतला तास खरा, जळगाव-पुणे विमान २०२४ साली सुरू झालं, एटीआर नावाचं पंख्याचं छोटं विमान, सातमाळ्याची डोंगररांग मिनिटांत ओलांडतं. पण आईचा प्रवास आमच्या उंबरठ्यावर सुरू होतो आणि दादाच्या उंबरठ्यावर संपतो. पाचोरा ते विमानतळ सव्वा तास, तिथे दीड तास आधी पोचायचं, मग उड्डाण, मग सामानाचा पट्टा, मग लोहगावहून चिंचवडपर्यंतची गर्दी. पाच तास धरूनच चालावं.

गाडीने चाळीसगाव, कन्नड घाट, संभाजीनगर, अहिल्यानगर असं पावणेचारशे किलोमीटर होतं. आठ तास, आणि पुण्याच्या तोंडाशी वाघोलीला अडकलो तर त्याहून जास्त. कन्नड घाटाचा मला धाकच आहे. ३१ ऑगस्ट २०२१ ला तिथे दरडी कोसळल्या आणि रस्ता बंद पडला, ते आमच्या भागात कोणी विसरलेलं नाही. घाटाचं मूळ नाव औट्रम. १८२५ साली खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमवरून पडलेलं.

रेल्वे सर्वांत लांबून जाते: मनमाडपर्यंत पश्चिमेला, तिथून दक्षिणेला दौंड, मग पुन्हा पश्चिमेला पुणे. सव्वाचारशेच्या घरात. लहानपणी दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, तेवढ्यात बाबा चहा घेऊन यायचे. पण महाराष्ट्र एक्स्प्रेस पाचोऱ्याला थांबते. खालचा बर्थ मिळाला की आई पाय लांब करून झोपते, आणि वांग्यांची पिशवी, कळण्याचं पीठ, दादासाठी शेव, काहीच वजनकाट्यावर ठेवावं लागत नाही.

तरी जाताना विमानच, असं मी ठरवलं. दुखऱ्या गुडघ्याला आठ तास गाडीत दुमडून बसणं सोसणार नाही, आणि रेल्वेच्या पायऱ्या चढणं त्याहून कठीण. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवली. विमानाचं वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून आधी विमानाचा वार पाहिला, मग डॉक्टरांची तारीख घेतली. तुमच्या घरात कोणी आजारी असेल तर याच क्रमाने करा.

जळगाव शहरातल्या माणसाला विमान हा मोठा आधार आहे, ते टिकायलाच हवं. पण पाचोरा, भडगाव, चाळीसगावच्या लोकांचं पुणे जवळ येईल ते कन्नड घाटात बोगदा झाला तर. त्याची मागणी कित्येक वर्षांची आहे. आमच्याकडचे किती रुग्ण त्या वळणांवरून रात्री-अपरात्री संभाजीनगरला न्यावे लागतात, हे घाटाखाली राहणाऱ्यालाच ठाऊक.